मूठभर दाणे आणि पोतंभर भांडणं

गच्चीवरची | ९ मार्च, सकाळी ८.१०

पक्ष्यांतल्या जाणकारांना एक विचारायचं आहे. बाकीच्यांनीही आपापले अनुभव लिहा.

दिवाळीत नणंदेने बाल्कनीत टांगायचा बर्ड फीडर दिला. पारदर्शक नळी, खाली ताटली, दाणे बाहेर यायला दोन छिद्रं. आम्ही पुण्यात सिंहगड रोडला तिसऱ्या मजल्यावर. मी त्यात बाजरी आणि तांदळाची कणी घालते. दीड महिना कोणी फिरकलं नाही. मग एक चिमणी आली, तिने गावभर केलं असावं, आता रोज पंधराएक चिमण्या आणि पाच-सहा ठिपकेवाल्या मुनिया येतात. सासूबाई सकाळचा चहा तिथेच घेतात.

फेब्रुवारीच्या मध्यापासून मात्र एका चिमण्याने उच्छाद मांडला आहे. गळ्याखाली हा एवढा काळा डाग. सासूबाईंनी त्याचं नाव मुकादम ठेवलंय. तो जुन्या एसीच्या पाइपाच्या तुकड्यावर बसून असतो आणि कोणी फीडरवर उतरलं की बाणासारखा सुटतो. मुनिया तर नुसत्या त्याच्या आवाजानेच उडतात. काल त्याने दुसऱ्या एका चिमण्याच्या डोक्यावरची पिसं चोचीत धरली आणि दोघं गरगरत खाली आले, तुळशीच्या कुंडीवर आपटले, तरी सोडेना. मी दार उघडलं तेव्हा कुठे उडाले. फरशीवर तीन बारीक पिसं पडली होती.

गंमत म्हणजे तो स्वतः फारसं खातच नाही!

नळी भरलेली असताना ही मारामारी कशासाठी? मी मध्ये पडावं का? आणि बाकीच्या उपाशी राहत असतील का?

खडूस_काका | ९ मार्च, सकाळी ८.३२

स्वतः खात नाही आणि दुसऱ्याला खाऊ देत नाही? असा माणूस दहा वर्षं शोधतोय. आमच्या सोसायटीत खजिनदाराची जागा रिकामी आहे.

निशिगंध | ९ मार्च, सकाळी ९.०५

काका :)

आमच्या डोंबिवलीच्या खिडकीत हेच चालतं. मला ते लोकलमधल्या चौथ्या सीटसारखं वाटतं. तिघी ऐसपैस बसलेल्या असतात, चौथीला टेकायलाही देत नाहीत, आणि ठाण्याला सीट मिळाली की तीच चौथी पाचवीकडे डोळे वटारून बघते. चिमण्यांचंही तसंच, ताटलीत पाय टेकला की लगेच मालक.

रानवाटा | ९ मार्च, सकाळी ११.४०

गच्चीवरची, तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे: दोन छिद्रं.

मोकळ्या रानात गवताचं बी विखुरलेलं असतं. एक दाणा इथे, दुसरा हातभर लांब. त्यावर पहारा देण्यात काही अर्थ नसतो, कारण एकाला हाकलेपर्यंत दुसरा भलतीकडे खाऊन मोकळा होतो. आपण काय करतो, किलोभर दाणे एका नळीत भरतो आणि तोंडं ठेवतो दोन. आता पहारा देणं परवडतं. दारात एक दांडगा बसला की झालं. जेरम ब्राउन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६४ साली हा हिशोब मांडला. राखण्याचा खर्च राखून मिळणाऱ्या फायद्यापेक्षा कमी असेल तरच प्राणी एखादी जागा राखतो. अन्न फार कमी असेल तर राखून मिळणार काय, आणि सगळीकडे भरपूर असेल तर राखायचं कशाला. मधल्या परिस्थितीत भांडणं पेटतात, आणि फीडर म्हणजे ती मधली परिस्थिती आपण विकत आणून टांगलेली असते.

काळ्या डागाबद्दल. चिमण्याच्या गळ्यावरचा डाग जितका मोठा तितका त्याचा दरारा जास्त, असं बरीच वर्षं पुस्तकांतून छापलं जायचं. अलीकडे जुनी-नवी निरीक्षणं एकत्र करून तपासल्यावर ते तितकंसं पक्कं राहिलेलं नाही. तेव्हा मुकादमाच्या डागावर जाऊ नका.

उपाय: फीडर काढून दाणे तीन-चार उथळ ताटल्यांत लांब लांब ठेवा. एका ताटलीवरून दुसरी दिसणार नाही अशा बेताने.

कुडाळचो_झील | ९ मार्च, दुपारी १२.१५

अरे देवा, हय माणसांची भांडणा सोडवून सोडवून जीव ईलो, आणि तुमी चिमण्यांची सोडवतास!

आंबेमोहर | ९ मार्च, दुपारी २.५०

आमच्या लहानपणी चिमण्यांसाठी काही टांगावं लागत नव्हतं, त्या घरातच राहायच्या. माजघरात आजोबांच्या तसबिरीमागे घरटं ठरलेलं. गवताच्या काड्या आजोबांच्या फेट्यामागून बाहेर आलेल्या, जणू तुराच. भिंतीवर दाढीचा आरसा होता, त्याच्या चौकटीवर बसून चिमणा दिवसभर आरशातल्या चिमण्याला टोचे मारायचा. ठक ठक ठक. दुपारी वडील झोपले की आई आरशावर पंचा टाकायची. पंचा काढला की हा पुन्हा हजर, जणू शत्रू इतका वेळ पंच्याआड दबा धरून बसला होता.

आणि काऊ-चिऊच्या गोष्टीत काय झालं होतं ते आठवा. काऊचं घर शेणाचं, ते पावसात वाहून गेलं. बिचारा भिजत दारात उभा. चिऊताई म्हणते थांब, बाळाला आंघोळ घालते. थांब, तीट लावते. चिमणी किती प्रेमळ असते ते आपल्याला तिसऱ्या वर्षीच सांगितलं होतं, आपण लक्ष दिलं नाही.

धनेश_सातारा | ९ मार्च, दुपारी ३.३०

आरशावरून आठवलं. आमच्या गाडीच्या बाजूच्या आरशाशी गेली तीन वर्षं एक जांभळा शिंजीर लढतो. उन्हात निळा-जांभळा चमकतो, एवढासा जीव, पण आरशावर उलटा लटकून अशा चोची मारतो की काचेवर ओरखडे नसले तरी लाळेचे डाग पडतात. शिवाय दाराच्या पत्र्यावर शिटांच्या पांढऱ्या धारा. बायकोने शेवटी आरशांना माझे जुने मोजे चढवले. ऑफिसमध्ये विचारतात, गाडीला सर्दी झाली का?

मेघना_व | ९ मार्च, दुपारी ३.४४

मोजे धुतलेले होते ना? नाहीतर शिंजीर त्यामुळेच गेला असेल.

रानवाटा | ९ मार्च, संध्याकाळी ६.२०

धनेश, विणीच्या हंगामात नर शिंजीर असे पेटलेले असतात. त्याला आरशात दुसरा नर दिसतो, तोही नेमका आपल्याइतकाच चिडलेला आणि मागे न हटणारा. मोजे हाच उपाय, दोन-तीन महिन्यांनी काढून टाका.

शिंजीर निघालाच आहे तर सांगतो. मी वर जो हिशोब म्हणालो तो आकड्यांत मांडून दाखवला गेला तो शिंजीरावरच. केनियात सोनेरी पंखांचा शिंजीर असतो. तो ज्या फुलांवर जगतो ती आपल्या दीपमाळेचीच जात, रस्त्याकडेला केशरी गोंड्यांचे मजले चढवत जाते ती. गिल आणि वुल्फ या दोघांनी १९७५ साली त्याचा जमाखर्च काढला. शिंजीर नुसता बसला तर तासाला ४०० कॅलरी जळतात, फुलांवर फिरताना १०००, आणि घुसखोरांना हाकलताना ३०००. (या साध्या छोट्या कॅलरी. आहाराच्या तक्त्यात आपण जिला कॅलरी म्हणतो तिच्या हजाराव्या भागाएवढी एक.) हाकलणं बसण्याच्या साडेसातपट महाग, तरी तो हाकलतो. कारण राखलेल्या फुलांत इतरांनी तोंड घातलेलं नसतं, म्हणून प्रत्येकात मध जास्त साठतो, पोट लवकर भरतं आणि उरलेला वेळ आरामात बसता येतं. फुलांत मध कमी असेल किंवा सगळीकडेच भरपूर असेल तेव्हा राखणदारी परवडत नाही, आणि मग तो ती सोडूनही देतो.

खडूस_काका | ९ मार्च, संध्याकाळी ६.४५

म्हणजे भाडं येत असेल तरच फ्लॅटची देखभाल. कळलं.

सिएटलकर | १० मार्च, सकाळी ७.१५

इथे आमच्याकडे हमिंगबर्डचा फीडर आहे. एक भाग साखर, चार भाग पाणी. रंग नाही, मध नाही. वजन म्हणाल तर एक रुपयाच्या नाण्याइतकं, पण रागाचं वजन वेगळं काढावं लागेल. बारा महिने राहणारा ॲनाज हमिंगबर्ड असतो, त्याचा नर आमच्या जपानी मेपलच्या एकाच वाळक्या फांदीवर बसून फीडरवर नजर ठेवतो. मार्चच्या सुमारास मेक्सिकोकडून वर अलास्कापर्यंत जाणारे रुफस येतात, तांबूस रंगाचे, आकाराने किंचित लहानच. ते दोन दिवसांचे पाहुणे, पण आल्या आल्या घरमालकालाच हाकलतात!

बायको पहिल्यांदा हळहळली आणि तिने शेजारीच दुसरा फीडर टांगला. काही उपयोग झाला नाही, तो एकटा दोन्ही राखू लागला. मग दुसरा घराच्या मागच्या बाजूला टांगला, जिथून पुढचा दिसतच नाही. तेव्हा बाकीच्यांना प्यायला मिळालं. रानवाटा म्हणतात ते "दिसणार नाही अशा बेताने" फार महत्त्वाचं आहे.

धनेश_सातारा | १० मार्च, सकाळी ७.४०

मग मीही शिंजीरासाठी साखरपाणी टांगू का? गाडी तरी सुटेल.

रानवाटा | १० मार्च, सकाळी ९.१०

नको. आपल्या उन्हात साखरपाणी काही तासांत आंबतं, आणि शिंजिराच्या आधी मुंग्या अन् मधमाश्या येतील. जास्वंद, हमेलिया, रुई, पांगारा यांतलं काही लावा. फुलं रोज नवी, धुवायची भांडी नाहीत.

चंद्रकोर | १० मार्च, सकाळी ९.३५

त्या पाइपाच्या आसपास घरटं आहे का?

ढेकळातला | १० मार्च, दुपारी १.००

शहरातल्या मंडळींचं बरं आहे, पाखरं यावीत म्हणून दाणे टांगतात. आमची हयात ती जावीत म्हणून गोफण फिरवण्यात गेली. ज्वारी हुरड्यात आली की पहाटेपासून माळ्यावर उभं राहायचं आणि घसा बसेपर्यंत हाऽऽ हाऽऽ करायचं. शेजारच्याने हाकलली की थवा आमच्यात, आम्ही हाकलला की त्याच्यात. भांडणं आम्हा शेतकऱ्यांची लागायची, पाखरं निवांत.

पण एक सांगतो. रास झाली की आजी कणसांची जुडी बांधून ओसरीच्या आढ्याला टांगायची, चिमण्यांचा वाटा म्हणून. त्या जुडीवर एका वेळी आठ-दहा चिमण्या लटकलेल्या असायच्या, वरून, खालून, उलट्या, आडव्या. चिवचिवाट भरपूर, पण पिसं उपटण्यापर्यंत गेलेलं मी तरी पाहिलेलं नाही. कणीस सगळीकडून खाता येतं. तुमच्या नळीला दोनच तोंडं. बाजारात आख्खी कणसं मिळतात का बघा.

कुडाळचो_झील | १० मार्च, दुपारी १.२०

हे खरं. आमच्याकडे दसऱ्याला नव्या भाताच्या लोंब्यांचं तोरण दाराला लागतं. दिवाळीपर्यंत चिमण्या ते टरफलासकट रिकामं करतात. दारात रोज भुशाचा सडा, आई रोज कुरकुरते आणि पुढच्या वर्षी दोन लोंब्या जास्त बांधते.

टोकदार | १० मार्च, रात्री ९.३०

मी वाईटपणा घेतो. मुळात दाणे टाकूच नयेत.

आज चिमण्या आहेत, उद्या कबुतरं येतील. दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये काय रामायण झालं ते सगळ्यांनी पाहिलं. उच्च न्यायालय, ताडपत्री, मोर्चे. सुरुवात अशीच होते, "बिचारी पाखरं". आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या फुफ्फुसाचं दुखणं कबुतरांमुळेच वाढलं असं डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं. वरच्या मजल्यावरचे पुण्य कमावतात, विष्ठा खालच्याच्या वाळवणावर पडते. तुम्ही पक्ष्यांना खायला देत नाही आहात, स्वतःची करमणूक करून घेता आहात. मग त्यांनी मारामारी केली की तक्रार कसली? तिकीट काढून कुस्ती बघायला बसलात ना?

मेघना_व | १० मार्च, रात्री ९.५०

बाप रे. कुस्तीचं वाक्य जरा लागलं.

आंबेमोहर | १० मार्च, रात्री १०.१५

टोकदार, कबुतरांचं पटलं. पण माझ्या सासऱ्यांना अर्धांगवायू झाल्यावर सात महिने ते खिडकीशी बसून होते. चिमण्या मोजणं हा त्यांचा दिवस होता. कितवी आली, किती गेल्या. बोलता यायचं नाही, बोटं दाखवायचे. ती करमणूक असेल तर असू दे.

टोकदार | १० मार्च, रात्री १०.४०

तुम्ही असं लिहिल्यावर काय बोलणार. पण मूठभर द्या, पोतंभर नको, एवढंच माझं म्हणणं. आणि संध्याकाळी ताटली रिकामी झाली पाहिजे, नाहीतर रात्री उंदीर.

लेस्टरची_मावशी | ११ मार्च, पहाटे ३.२०

इथे इंग्लंडमध्ये प्रत्येक परसात फीडर असतो, तेव्हा माझंही ऐका. ख्रिसमसच्या कार्डावर तो गोंडस लाल छातीचा रॉबिन असतो ना, तो इथला सगळ्यात भांडखोर. माझ्या बागेतला एकटाच सगळी मागची बाजू राखतो. डेव्हिड लॅक नावाच्या संशोधकाने १९३० च्या दशकात डेव्हनमध्ये एक प्रयोग केला. भुसा भरलेला रॉबिन एका नराच्या हद्दीत ठेवला, तर नराने त्याच्यावर हल्ला चढवला. मग मुंडकं नसलेला ठेवला, तरी हल्ला. शेवटी तारेला नुसता लाल पिसांचा पुंजका बांधून ठेवला, तरी गडी छाती फुगवून त्याला धमकावतोच आहे. म्हणजे पुढे कोण आहे ते बघायचंही नाही, लाल दिसलं की झालं.

पण सांगायचं होतं ते वेगळंच. मारामारीने मरणारे पक्षी थोडे, घाणीने मरणारे जास्त. इथे ग्रीनफिंच नावाचा हिरवट पक्षी सर्रास दिसायचा. २००५-०६ पासून ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीने त्याच्या घशात गाठी होऊ लागल्या, गिळता येईना. एकाने तोंडातून टाकलेला दाणा दुसरा उचलतो, आणि फीडरवर सगळे एकाच ताटलीत. २०२१ मध्ये तो इथल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेला. म्हणून आठवड्यातून एकदा फीडर गरम पाण्याने घासा, पूर्ण वाळवा, मगच भरा. पिसं फुलवून मरगळलेला पक्षी ताटलीत बसलेला दिसला तर दोन आठवडे दाणे बंद.

विदर्भकर | ११ मार्च, सकाळी १०.००

आमच्या नागपूरकडे दाण्यापेक्षा पाण्याचं महत्त्व. मे महिन्यात मातीचं परळ झाडाखाली ठेवलं की रांग लागते. तिथे पहिला मान साळुंकीचा. ती आंघोळ करून निम्मं पाणी सांडेपर्यंत बुलबुल काठावर, चिमण्या फांदीवर, आणि शिंपी सगळ्यात शेवटी. पण हो, एवढी उतरंड असून मारामारी नाही. साळुंकीने नुसतं वळून पाहिलं तरी पुरतं.

रानवाटा | ११ मार्च, सकाळी ११.१५

विदर्भकर, उतरंड ठरलेली असली की मारामारी कमी होते, हे नॉर्वेच्या श्येल्डरूप-एब्बने कोंबड्यांवर दाखवलं होतं, १९२० च्या दशकात. पोरवयापासून तो कोंबड्या बघत बसायचा आणि कोण कोणाला टोचतं ते लिहून ठेवायचा. कोणाला टोचायचं आणि कोणाकडून टोचून घ्यायचं हे एकदा ठरलं की खुराड्यात शांतता. नवी कोंबडी आणून टाकली की पुन्हा पहिल्यापासून.

खडूस_काका | ११ मार्च, सकाळी ११.२०

एकत्र कुटुंबात नवी सून आली की. (आमची सून इथे वाचत नाही. वाचत असेल तर, बाळा, तुझ्याबद्दल नाही.)

गच्चीवरची | २० मार्च, सकाळी ८.४५

उशिराबद्दल क्षमस्व, सगळं वाचत होते. प्रयोगाचा अहवाल:

फीडर टांगलेलाच ठेवला आणि दाणे कमी केले. शिवाय तीन परळ ठेवली. एक बाल्कनीच्या दुसऱ्या टोकाला, एक बेडरूमच्या खिडकीत, एक मागच्या ड्राय बाल्कनीत. बेडरूमच्या खिडकीत कमाल शांतता. मुनिया ओळीने बसून सोलून सोलून खातात, बाजरीचं टरफल चोचीच्या कडेने कसं बाहेर पडतं ते हातभरावरून दिसतं. ड्राय बाल्कनीत तिसऱ्या दिवशी कबुतरं आली (टोकदार, ऐकतोय), शेजारच्या काकूंच्या साबुदाण्याच्या पापड्यांवर व्हायचं ते झालं, ते परळ बंद. काकूंना पापड्या करून देणार आहे.

पण मूळ फीडरवर मुकादम जसाच्या तसा. दाणे अर्धे केले, फरक नाही. एक दिवस फीडर रिकामा ठेवला तरी तो कोणाला त्या कोपऱ्यात फिरकू देईना! आता बोला. रिकाम्या नळीची राखणदारी कोणत्या हिशोबात बसते? नवरा म्हणतो, त्याला पकडून खडकवासल्याला सोडून येऊ.

तसा आज जागतिक चिमणी दिन आहे. मुकादमाला शुभेच्छा देऊन झाल्या, त्याने सासूबाईंच्या दिशेने शीट केली.

मेघना_व | २० मार्च, सकाळी ९.००

हा दिवस २०१० पासून पाळतात आणि तो सुरू करण्यात आपल्या नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांचा पुढाकार आहे, हे इथल्या पुणेकरांना मुद्दाम सांगून ठेवते.

रानवाटा | २० मार्च, सकाळी १०.३०

पकडून सोडण्याच्या भानगडीत पडू नका. सालिम अलींच्या लहानपणची गोष्ट आहे. चेंबूरला तबेल्याच्या भिंतीतल्या भोकात चिमणीचं घरटं होतं आणि बाहेर नर पहाऱ्याला. त्या वयात हातात छऱ्याची बंदूक, त्यांनी नर टिपला. थोड्या वेळाने त्या मादीजवळ दुसरा नर पहाऱ्याला हजर. सात दिवसांत असे आठ नर त्यांनी टिपले. जागा रिकामी झाली की उमेदवार तयार असतो. तुम्ही एक मुकादम खडकवासल्याला सोडाल, संध्याकाळी दुसरा रुजू होईल.

रिकाम्या नळीचं कोडं मात्र मलाही आहे. माझा हिशोब इथे चुकतोय.

चंद्रकोर | २० मार्च, सकाळी १०.४२

दहा तारखेला मी एक ओळ लिहिली होती, ती आरसे, मोजे आणि केनियात वाहून गेली. पुन्हा विचारते. पाइपाच्या आसपास घरटं आहे का?

चिमणा फार मोठी हद्द राखत नाही, घरट्याच्या तोंडाजवळची थोडी जागा, बस. पण तेवढ्यापुरता तो कोणालाच सोडत नाही, दुसऱ्या नराला तर नाहीच. तुमच्या पहिल्याच पोस्टमध्ये सगळं होतं. फेब्रुवारीत सुरू झालं, एकाच जागी बसतो, आणि स्वतः खात नाही. तो दाणे राखतच नसेल. सालिम अलींच्या गोष्टीतलं भोक तुम्हीच वर लिहिलंय रानवाटा, आणि तुमच्याच लक्षात येऊ नये?

रानवाटा | २० मार्च, सकाळी १०.५५

कान पकडले.

गच्चीवरची | २० मार्च, संध्याकाळी ७.१०

चंद्रकोर, तुमचे पाय कुठे आहेत?

दुपारी स्टुलावर चढून पाहिलं. जुना एसी काढला तेव्हा पाइप कापून ठेवला होता आणि त्याच्या भोवतीचं भिंतीतलं भोक बुजवायचं राहिलं. लावलेला लांबी-बिंबीचा गोळा कधीच पडून गेलाय. आतून वाळकं गवत, केरसुणीच्या काड्या आणि, ओळखलं, सासूबाईंच्या लोकरीच्या गुंड्यातला गुलाबी धागा बाहेर लोंबतोय. फीडरपासून जेमतेम दोन फूट. म्हणजे त्याच्या घराच्या उंबरठ्यावर मी पंगत बसवली होती. पाचव्या मिनिटाला चिमणी चोचीत हिरवी अळी घेऊन आली, मला पाहून पाइपावर थबकली, आणि मुकादम माझ्या कानाजवळून असा गेला की मी स्टुलावरून खाली.

आत बारीक चिर्र चिर्र ऐकू येतंय. पिल्लं आहेत!

ढेकळातला | २० मार्च, संध्याकाळी ७.३०

अळी आणते म्हणजे पिल्लं लहान आहेत. त्यांना दाणे चालत नाहीत, किडेच लागतात. झाडांवर फवारणी करू नका महिनाभर.

निशिगंध | २० मार्च, संध्याकाळी ७.४८

म्हणजे तो रोज कामावर होता आणि आपण सगळे त्याला गुंड म्हणत होतो. चौथ्या सीटचं माझं विधान मी मागे घेत नाही, फक्त या केसपुरतं स्थगित ठेवते.

टोकदार | २० मार्च, रात्री ८.१५

फीडर हलवा, एवढं तरी करा.

गच्चीवरची | २३ मार्च, सकाळी ८.२०

फीडर बेडरूमच्या खिडकीला टांगला. तीन दिवस झाले. मुकादम पाइपावर बसून छाती फुगवून ओरडतो, पण उठून कोणाच्या अंगावर गेलेला नाही. बेडरूमच्या खिडकीत चोचाचोची होते, एका छिद्रावरून दुसऱ्या छिद्रावर ढकलाढकली होते, पण पिसं अजून सापडली नाहीत. ढेकळातला, मंडईत बाजरीची कणसं मिळाली, आजपासून तीही टांगली आहेत. तुम्ही म्हणालात तशा उलट्या लटकतात!

एकच अडचण. त्याच भोकातून नव्या एसीचा पाइप जायचा आहे. मेकॅनिकला १ एप्रिलची वेळ दिली होती.

चंद्रकोर | २३ मार्च, सकाळी ८.५०

पिल्लं साधारण दोन आठवड्यांत उडतात. तेवढं थांबा.

गच्चीवरची | ७ एप्रिल, सकाळी ७.३०

परवा तीन पिल्लं उडाली. एक तुळशीच्या कुंडीत उतरलं आणि पिवळी चोच वासून बसलं, मुकादम येऊन भरवून गेला. सासूबाईंनी चहा तसाच ठेवला, साय धरली त्यावर.

काल नवऱ्याने मेकॅनिकला फोन केला, तो आज सकाळी अकराला येणार होता. आत्ता बाल्कनीत गेले तर मुकादम चोचीत केरसुणीची काडी घेऊन पाइपावर बसलेला.

खडूस_काका | ७ एप्रिल, सकाळी ७.४१

पंख्याला तेल घाला.